आई, तू इथेच बस

माशेलची_आजी:
नमस्कार मंडळी. इथं रोज वाचायला असते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. मोबाईलवर बोटं भलतीकडेच पडतात त्यामुळे जोडाक्षरं चुकली तर चालवून घ्या, मराठी प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, आता तुम्ही माझ्यावर मारा.

तर या हिवाळ्यात माझे दोन प्रवास झाले. पहिला लेकाकडे दुबईला, दहा दिवस. दुसरा आमच्या महिला मंडळाची एका दिवसाची सहल, जुनं गोवं, तिथून फेरीबोटीनं दिवाडी बेट, दिवाडीवरून परत फेरीनं नार्वे आणि घरी. म्हणजे सकाळी डाळ भिजत घालून निघावं आणि आल्यावर वाटायला घ्यावी एवढंच लांब. परवा भाच्यानं विचारलं, मावशे, कुठलं जास्त आवडलं? मी म्हटलं दिवाडी. तो हसतच सुटला, त्याला वाटलं मी मस्करी करतेय. पण का आवडलं ते मला तिथल्या तिथं सांगता येईना, म्हणून हा धागा.

लेकानं काही कमी केलं नाही हे आधीच लिहिते, तो हे वाचणार आहे. मला चालता येत असून विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती ढकलणारा मुलगा केरळचा, त्याला तीनदा सांगितलं बाबा मी चालते, तो म्हणाला अम्मा, बुकिंग आहे. मग बसले. बुर्ज खलिफा पाहिला. आठशे अठ्ठावीस मीटर उंच, १२४व्या मजल्यावर लिफ्ट मिनिटभरात नेते, कानात दडे बसतात, वरून रस्ते रांगोळी घातल्यासारखे दिसतात, सगळं खरं. पण वर गेल्या गेल्या सुनेनं बाक शोधला आणि लेक म्हणाला, आई, तू इथेच बस, आम्ही मुलांना घेऊन एक चक्कर मारून येतो. बसले. मॉलमधल्या त्या भल्यामोठ्या मत्स्यालयापाशी, आई तू इथेच बस. उंटांच्या तिथं, तू इथेच बस. मी नातीला म्हटलं मोज गं किती वेळा होतं ते. संध्याकाळपर्यंत अकरा झाले, तिनं मोबाईलमध्ये लिहून ठेवलेत.

रागावून नाही लिहीत. गुडघे माझेच, तेही दिवसभर हेच सांगत असतात. पण दहा दिवसांत दुबईत काय पाहिलंस म्हणाल तर सगळ्या प्रसिद्ध जागांचे बाक पाहिले.

एकच गोष्ट मी स्वतःहून मागितली. तिथं खाडी आहे, अलीकडे बर दुबई पलीकडे देरा, आणि मध्ये लाकडी होड्या चालतात, अब्रा म्हणतात त्यांना. एक दिरहम तिकीट. होडीच्या मधोमध पाठीला पाठ लावून बसायचं, पाय पाण्याच्या दिशेला, कडेला कठडाबिठडा काही नाही. कामावरून सुटलेले लोक, कुणी मल्याळी कुणी बंगाली कुणी पाकिस्तानी, हातात डब्याच्या पिशव्या. पलीकडे पोचलो तेव्हा मी लेकाला म्हटलं, परत जाऊया का? तो म्हणाला अगं आई ही तर आपली रायबंदर-चोडण फेरीबोट. मी म्हटलं म्हणूनच. तीन वेळा गेलो आलो. तिथं मात्र कुणी इथेच बस म्हणालं नाही, कारण सगळेच बसलेले.

आता सहल. बावीस बायका आणि दोन नवरे (औषधांच्या पिशव्या सांभाळायला). बस आम्हाला जुन्या गोव्याला सोडून आमोण्याच्या पुलावरून नार्व्याला पुढं जाणार आणि आम्ही नदीतून, असं ठरलं. व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलं की धक्का. चालणाऱ्याला पैसे पडत नाहीत. फेरी लागली, फळी पडली आणि एकमेकींचे हात धरून चोवीस जणं चढली. दिवाडीला एकीच्या भाचेजावयानं दोन व्हॅन ठेवल्या होत्या, टेकडीवरच्या चर्चपर्यंत गेलो, तिथून मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याची चर्चं अशी दिसतात की आमच्यातली एक जी चाळीस वर्षं त्याच रस्त्यानं बसनं पणजीला नोकरीला गेली ती म्हणाली, हे सगळं एवढं हिरवं आहे होय.

मग खरी गंमत. नार्व्याच्या धक्क्यावर उतरलो तर बस नाही. ड्रायव्हर दुसरीकडेच कुठेतरी उभा, फोन लागेना. ऊन चढलेलं. आणि बघा, कुणीही कुणाला इथेच बस म्हणालं नाही. एकीनं पिशवीतली चटई काढली, एकीनं चण्याची उसळ आणि उंडे (पाव) बाहेर काढले, एक त्या गरी टाकून बसलेल्या पोराशी वाद घालायला लागली की आमिष चुकीचं लावलंयस, सुंगट (कोळंबी) लाव. मी दोन म्हाताऱ्यांना (माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, म्हणून म्हाताऱ्या) धरून रस्त्यापर्यंत बस बघायला गेले. सव्वा तास गेला. नंतर देऊळ झालं, आरती झाली, पण घरी आल्यावर सगळ्या बोलतात ते त्या सव्वा तासाबद्दलच.

नार्व्याच्या त्या सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावरचा शिलालेख मी त्यांना वाचून दाखवला. शके १५९०, म्हणजे १६६८, शिवाजी महाराजांनी देवळाचं काम करवलं तेव्हाचा. चौथीच्या पोरांना महाराज शिकवताना घसा कोरडा केला मी इतकी वर्षं, आणि हा लेख घरापासून एवढ्या जवळ असून दुसऱ्यांदाच पाहत होते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पन्नास मुलं बरोबर होती, तेव्हा लेख कुठला बघणार, डोकी मोजत होते.

तुमचं काय म्हणणं? तुमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना कुठं न्यायचं हे कोण ठरवतं?

सोलकढी:
अकरा 😂😂 आजी, मी आत्ता नवऱ्याला वाचून दाखवलं. गेल्या मे महिन्यात आम्ही सासूबाईंना मुन्नारला नेलं होतं. चहाच्या मळ्यात त्या गाडीतच होत्या. "इथेच बसा" मी म्हणाले होते. आता तोंड कुठं लपवू.

दुबईतला_धाकटा:
आजी, मी पण तिथंच नोकरीला. तुमचा लेक नाही, पण त्याच्या बाजूनं लिहितो. आमची सुट्टी मोजून, पोरं एका जागी उभी राहत नाहीत, उन्हाळ्यात तर ऊन ४० च्या वर, आणि डोक्यात सतत एकच की आईला काही झालं तर इथं हॉस्पिटल, इन्शुरन्स, सगळं निस्तरायचं कुणी. तुम्हाला बाक दिसला, आम्हाला त्या बाकावर बसलेली आई सुखरूप दिसली. आम्ही चक्कर मारत होतो तेव्हा दर दोन मिनिटांनी मागं वळून बघत होतो हो. तुमच्या मंडळातल्या बायकांपैकी कुणी पडलं असतं तर जबाबदारी कुणाची?

माशेलची_आजी:
बाबा, तुझं शंभर टक्के खरं. लेकानं पण फोन करून हेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. (हो, वाचलं त्यानं.)

पण पडण्याचं म्हणशील तर ऐक. आमच्यात कुणी पडलं असतं तर बाकीच्या एकवीस जणी तिथंच होत्या, आणि त्यातल्या चौघी आधीच पडून, हाडं जोडून घेऊन आलेल्या. कुठं धरायचं, कसं उठवायचं, आणि उठवल्यावर लगेच पाणी देऊन प्रश्न विचारायचे नाहीत हे सगळं त्यांना पाठ. तुमच्याबरोबर असलं की माझ्याकडे एकच काम असतं, नीट असणं. मंडळात मला दुसरी कामं असतात. कुणाच्या गोळ्यांची वेळ माझ्याकडे, एकीला ऐकू कमी येतं तर तिच्या उजव्या कानाशी मी. म्हणून मग माझे गुडघे मला कमी ऐकू येतात बहुतेक.

बेतीचा_फेरीवाला (म्हणजे प्रवासी, खलाशी नव्हे):
फेरीचा विषय निघाला म्हणून. जुलै १९८६ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पणजीला कारकून. दुसऱ्या दिवसापासून सगळं बार्देश बेतीच्या धक्क्यावर. पाऊस कोसळतोय, छत्र्या एकमेकांच्या डोळ्यात जातायत, फेरी लागायच्या आधीच लोक उड्या मारतायत. मला फेरी म्हटली की ओल्या चपलांचा वास आणि उशीराचा लाल शेरा आठवतो. आजी, तुम्हाला त्यात काय एवढं सुख वाटलं ते मला पहिल्यांदा कळेना. मग लक्षात आलं की मी आयुष्यात एकदाही काम नसताना फेरीत चढलेलो नाही. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. या रविवारी जातो, कुठं ते ठरवत नाही.

अंत्रुजकर:
आजींनी वाट बरोबर पकडली पण अर्धीच सांगितली. सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवरचा. कदंब राजांचं दैवत, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. पोर्तुगीजांनी देऊळ मोडलं तेव्हा लिंग नदीपलीकडे डिचोली बाजूला नेलं, कारण तिथं त्यांचा अंमल नव्हता. म्हणजे तुम्ही दिवाडीवरून नार्व्याला ज्या पाण्यातून गेलात ते देवाच्याच वाटेचं पाणी. फरक एवढाच की देवाला बस चुकली नाही.

आणि हा एकच देव नव्हे. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, सगळे सोळाव्या शतकात आमच्या अंत्रुजात (म्हणजे फोंड्यात) आलेले निर्वासित. आता बाहेरून येणारे लोक मंगेशीला दीपमाळेचे फोटो काढतात, त्यांना वाटतं हे सगळं पहिल्यापासून इथंच होतं. आजी, तुमच्या माशेलचा देवकीकृष्ण पण चोडणचाच की. तो आधी मयेला आणि मग माशेलला आला. तेव्हा तुमचं मंडळ चिखलकाल्याला ज्या देवासमोर चिखलात लोळतं (लोळतं ना?) तो देवसुद्धा फेरीवाला.

माशेलची_आजी:
चिखलात पोरं लोळतात, आम्ही कडेला उभ्या राहून अंगावर उडवून घेतो! आषाढी एकादशीला भजन चोवीस तास चालतं आणि दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखल. पावसानं कंजुषी केली तर पाणी ओततात. गेल्या वर्षी मुद्दाम जुनी साडी नेसून गेले होते तर एक थेंब उडाला नाही, घरी येताना रिक्षानं डबक्यातून काय ते उडवलं.

देव चोडणचा हे लहानपणापासून ऐकत आले, आमची आजी फेरीला तार म्हणायची आणि सांगायची देव तारीनं आला. पण मी कधी चोडणला मुद्दाम म्हणून गेलेच नाही. बघा, इतक्या जवळ. मंडळात विषय काढते.

कुळागर:
एक व्यावहारिक प्रश्न, कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. संडासाचं काय करता? माझी आई ६८, सहलीचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच, आणि मग नकोच म्हणते.

माशेलची_आजी:
शाबास, मुद्द्याचं बोललास. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आम्ही देवळं ठरवून सहल आखतो. खोटं. आधी संडास ठरतात, मग त्यांच्या मध्ये बसतील तशी देवळं. दर दीड तासाला एक, पायऱ्या कमी, आणि कमोड असेल तर त्याच्यापुढं बाकी सगळं माफ. एक जण आधी जाऊन पाणी येतंय का बघून येते, आमच्या भाषेत ती पायलट. यावेळी नार्व्याच्या धक्क्यावर पंचाईत झाली होती, पण शेजारच्या घरातल्या बाईनं स्वतःहून हाक मारली, या गे बायांनो, आत या. बावीस जणी रांगेनं जाऊन आलो. त्या बाईचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला तिच्यासाठी नेवऱ्या नेणार आहे.

पूर्वी आम्ही काय करायचो तर सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. आमच्यातल्या कितीतरी बाया अजून तेच करतात. प्रेशरची ती पाण्याची गोळी असते ना, लघवीला जास्त लावणारी, ती सहलीच्या दिवशी घेतच नाहीत.

पांढरी_टोपी:
निवृत्त नर्स आहे, मध्येच बोलते, माफ करा. पाणी न पिणं आणि गोळी चुकवणं दोन्ही नको. उन्हात चक्कर येऊन पडायची पहिली तयारी ती. गोळी किती वाजता घ्यावी हे आपल्या डॉक्टरला सहलीच्या आधीच विचारायचं, वेळ मागे-पुढे करता येते का ते तेच सांगतील, मनानं नाही ठरवायचं. मी वॉर्डात असताना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हमखास दोन-तीन आज्या अशाच यायच्या. खाजे पिशवीत आणि सलाईन हातात.

पुणेरी_सून (माहेर सावर्डे):
माझ्या सासूबाई मात्र उलट. ७४ वर्षांच्या, टूर कंपनीबरोबर एकट्या जातात, युरोप झालं, व्हिएतनाम झालं. मंडळाच्या सहली त्यांना अजिबात आवडत नाहीत. म्हणतात तिथं सगळ्या सुनांबद्दलच बोलतात. (आजी, खरं आहे का?) त्यांचं म्हणणं असं की अनोळखी लोकांत मी कुणाची आई नसते, सासू नसते, खोली नंबर अमुक असते, तेच बरं. तेव्हा सगळ्या आज्यांना फेरी आवडते असं नका समजू.

त्यांचा राग फक्त रेल्वेवर. मार्च २०२०पासून ज्येष्ठांची सवलत बंद, आधी बायकांना ५८ पूर्ण झाली की अर्ध्या तिकिटात जाता यायचं. विमानाची तिकिटं हसत काढतात आणि मडगावला यायच्या ट्रेनच्या तिकिटाला मात्र दर वेळी पाच मिनिटं बोलतात.

माशेलची_आजी:
सुनांबद्दल बोलतात का, तर हो. साधारण बाणस्तरीपर्यंत. पूल ओलांडला की विषय संपतो, मग गुडघे सुरू होतात.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना जे युरोपात मिळतं तेच मला नार्व्याला मिळालं बहुतेक, मला कमी पैशात मिळालं एवढंच.

तुझं वाचून एक आठवलं ते लिहिते, थोडं लांबेल. माझी आई आयुष्यात किती वेळा प्रवासाला गेली ते मी एकदा मोजलं होतं. बहिणींच्या नि लेकींच्या बाळंतपणाला, कुणी गेलं तर मयताला, आणि जत्रेला. तिन्हीला कारण लागतं. कारणाशिवाय उंबरठा ओलांडलेली ती मला आठवत नाही. जत्रेला सुद्धा नवस फेडायचा म्हणून. रात्री देवळासमोर नाटक असायचं, गावचेच लोक रंग लावून उभे राहायचे, आई पहाटेपर्यंत बसून बघायची आणि घरी आल्यावर शेजारणीला सांगायची, देवाचं दर्शन छान झालं. नाटकाचं नाव काढायची नाही. आमच्या मंडळातल्या अर्ध्या जणी अजून तशाच. घरी सांगताना सप्तकोटेश्वराला जाते म्हणून सांगून आल्या. दिवाडीच्या टेकडीवर वारा खायला जाते असं सांगितलं असतं तर घरून परवानगी मिळाली असती, नाही असं नाही, पण त्यांची स्वतःची स्वतःला मिळाली नसती.

मी पगार घेणारी बाई, मला कुणी विचारत नव्हतं. तरी निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं मी सुद्धा जिथं जाईन तिथं काहीतरी विकत घेऊन यायचे. निदान कोथिंबीर. म्हणजे जाण्याला कारण झालं.

सोलकढी:
कोथिंबिरीची जुडी घेऊन फिरणाऱ्या माझ्या आईला आज पहिल्यांदा ओळखलं मी.

कदंबा_पास:
सगळं छान पण मुद्दा असा की गोव्यात सगळ्या सोयी टुरिस्टांसाठी. बाहेरच्यांना स्कूटर, क्रूझ, कॅसिनो आणि आपल्या म्हाताऱ्यांना स्टॉपवर बसायला धड शेड नाही...

माशेलची_आजी:
शेडचं खरं आहे, पण त्याला वेगळा धागा काढ बाबा, तिथं मी तुझ्याहून जास्त भांडेन. इथं नको.

बेतीचा_फेरीवाला:
रविवारी जाऊन आलो. रायबंदरहून चोडण. आता तिथं मोठी रो-रो पण आहे, गाड्या जास्त मावतात, पण मी मुद्दाम थांबून जुन्या फेरीनं गेलो. बायको म्हणाली काय काम आहे? मी म्हटलं काही नाही. तिनं मला ताप आहे का बघितलं. मग ती पण आली. धक्क्याजवळच सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, छोटंसंच, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळी खारफुटी. ओहोटी असेल तेव्हा जा, चिखलावर पक्षी उतरतात. आम्ही एक धीवर पाहिला, निळा. बायको म्हणाली हा आपल्या घरामागं पण येतो. येतो, पण बघितलं कुणी.

माशेलची_आजी:
ठरलं. मंडळाची कालच बैठक झाली, शिगमो (आमचा होळीचा सण) झाल्यावर पहिल्या शनिवारी चोडण. घरी सांगायला "देवाच्या मूळ जागेला जातो" आहेच, अंत्रुजकरांचे आभार. पक्ष्यांचं कुणाला सांगितलेलं नाही.

दुबईतला_धाकटा:
आजी, एक विनंती. माझी आई बांदोड्याला एकटीच असते, ७१. बाबा गेल्यापासून घराबाहेर पडत नाही, मी इथं ये म्हणतो तर म्हणते तिथं येऊन काय करू, बसूनच राहायचं ना. तुमचा धागा वाचेपर्यंत मला ते वाक्य कळलं नव्हतं. तुमच्या मंडळात बाहेरची बाई चालते का? मी शिगम्याला सुट्टीवर येतोय, मीच सकाळी आणून सोडीन. गाडीतच बसतो, खाली उतरत नाही.

माशेलची_आजी:
चालते म्हणजे काय, एक सीट रिकामीच आहे, एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालंय. साडेसहाला देवळाजवळ आणून सोड. तू खाली उतरलास तरी चालेल, सोलकढीचा टोप बसमध्ये चढवायला माणूस लागतंच. आईला सांग पाणी पिऊन ये, सपाट चप्पल घाल, फळीवर ओलं असतं. आणि तिला गाणं येत असेल तर आधीच कळव, आमच्यात सगळ्यांना फक्त आरत्या येतात, येताना तासभर तेच तेच चालतं.

दुबईतला_धाकटा:
गाणं नाही. पण शिव्या उत्तम येतात.

माशेलची_आजी:
मग ड्रायव्हरच्या मागची सीट तिला.